अकरावी चिठ्ठी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिचं आणि बाबांचं भांडण झालं ते रिबिनीवरून.

दोघं त्या गावात ज्येष्ठ मिशनरी म्हणून आली होती. निवृत्त झालेल्या, हातपाय धड असलेल्या जोडप्याने दीड वर्ष घरदार सोडून मिशनच्या कामाला जायचं, अशी त्यांच्या मंडळींची पद्धत होती. काम म्हटलं तर साधं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचं, आणि नाताळात जाताना खाऊचा डबा न्यायचा. त्या डब्यांसाठी बाबा रिबीन कापत होते. आयुष्यभर दुकानदारांची वजनंमापं तपासलेला माणूस रिबीन कापायला बसला की काय होतं, ते आई फोनवर लेकीला सांगत होती.

"अठरा इंच म्हणतात. अठरा इंचात नुसती गाठ बसते, फूल होत नाही."

मागून बाबांचा आवाज आला, "पत्रकात अठरा लिहिलंय. फुलाचा उल्लेख नाही."

"ऐकलंस? सेहेचाळीस वर्षं हे ऐकतेय मी."

लेक एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायची. तिच्यापुढे एका जाडजूड चरित्राची प्रुफं पसरली होती. "तुमचं तुम्ही मिटवा बाई," ती म्हणाली, "मला आज शंभर पानं संपवायचीत."

"संपव. मधनंमधनं डोळ्यांना पाणी लाव." आई पूर्वी नर्स होती. तिचा प्रत्येक निरोप कुठल्या ना कुठल्या अवयवावर येऊन संपायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून आई खुर्चीत टेकली, ती उठली नाही.

लेक आली. करायचं ते सगळं झालं. माणसं आली, बसली, गेली. आठवडाभर बाबांनी प्रत्येकाला दारापर्यंत सोडलं आणि आईबद्दल एक अक्षर काढलं नाही. लेकीने चोवीस तारखेची दोन तिकिटं काढली आणि कपाटातले कपडे पेटीत भरायला घेतले.

"दहा घरं राहिलीत," बाबा म्हणाले.

"काय राहिलंय?"

"यादीत अडतीस घरं होती. अठ्ठावीस झाली. दहा राहिली. ती झाल्याशिवाय येता येणार नाही."

ही दहा घरं बाबांनी एकट्याने उरकली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मिशनरी कधी एकटा जात नाही. जातो तो जोडीने, असा मिशनचा नियम होता, आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला एक संयोजक होता. संयोजक चाळिशीतला, मनाने चांगला माणूस होता. फक्त त्याच्या गळ्यात एक पेन अडकवलेलं असायचं आणि कुठलंही दुःख समोर आलं की त्याचा हात आधी पेनाकडे जायचा.

"काका, तुम्हाला एकट्याला सोडता आलं असतं तर मी सोडलं नसतं का," तो म्हणाला. "पण नियम वरून आलाय. जोडी पाहिजे." मग त्याची नजर लेकीवर गेली. "ताई आहेतच की."

"मी ज्येष्ठ नाही," लेक म्हणाली. "आणि मिशनरी तर मुळीच नाही."

"हंगामी घेऊ. वय किती तुमचं?"

"चव्वेचाळीस."

"काकांचं एकाहत्तर. म्हणजे जोडीचं सरासरी वय..." त्याने पेन काढलं. "साडेसत्तावन्न. साठ लागतात. अडीच कमी पडतात."

"अडीच वर्षं थांबू का?"

"तशी गरज नाही. शोक असेल तर तीन वर्षांपर्यंत सवलत आहे." त्याने लिहून घेतलं. अशा रीतीने जी बाई गेली वीस वर्षं प्रार्थनेच्या वेळी चपला शोधत बाहेर पडत होती, ती आपल्या बापाबरोबर मिशनरी झाली. छातीवर लावायला बिल्लाही मिळाला.

दहा घरं त्यांनी पाच दिवसांत उरकली. उरकली हाच शब्द बरोबर. आई होती तेव्हा कामाची वाटणी चोख होती. आई बोलायची, बाबा अहवालाचा कागद भरायचे. आता बोलणारं माणूस गेलं आणि कागद भरणारं राहिलं. भेट किमान वीस मिनिटांची असावी असं कागदावर छापलेलं होतं. बाबा दारात घड्याळ बघत आणि विसाव्या मिनिटाला, समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर असला तरी, उठून उभे राहत. लेकीचंही काही फारसं बरं नव्हतं. एका आजोबांनी तिला तरुणपणी लिहिलेली कविता वाचायला दिली. तिने ती वाचून परत दिली तेव्हा तिच्यात अकरा दुरुस्त्या केलेल्या होत्या.

"हात आपोआप चालतो," ती रस्त्यात म्हणाली.

"चुका होत्या ना?"

"होत्या."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. बापलेकीचं एकमत झालेला तो त्या आठवड्यातला एकमेव प्रसंग.

बावीस तारखेला संध्याकाळी दहावं घर झालं. लेक पेटीला कुलूप लावत होती तेवढ्यात बाबा हातात एक चिठ्ठी घेऊन आले. प्रत्येक घराच्या भेटीची चिठ्ठी मिशनच्या कार्यालयाकडून यायची, ही आजच्या टपालात आली होती. अकरावी.

लेकीने वाचली. एकाकी ज्येष्ठ पुरुष, वय एकाहत्तर, पत्नीचं नुकतंच निधन, बोलत नाहीत असं कळतं, नाताळपूर्वी भेट आवश्यक. पत्ता ती उभी होती त्या घराचा होता. खाली, भेटीसाठी सर्वांत जवळची जोडी म्हणून, तिचं आणि बाबांचं नाव होतं.

ती हसत सुटली. कितीतरी दिवसांनी हसत होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी परत घेतली, चष्मा वर करून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "यांच्याकडे जायला हवं."

लेकीने संयोजकाला फोन लावला.

"हो ताई, आईंची नोंद मीच केली होती. पत्नी गेली म्हटल्यावर पती आपोआप एकाकींच्या यादीत जातो. पद्धत चांगली आहे, कोणी सुटत नाही."

"ते बरोबर आहे. पण आता काढून टाका."

"यादी काल बंद झाली. आता चिठ्ठी दोनच प्रकारे निकालात निघते. एक, भेट झाली. दोन, घर बंद. तीनदा घर बंद आलं की प्रकरण चिंताजनक. मग आम्ही गाणाऱ्यांसकट येतो."

लेकीने फोन ठेवला. "बाबा, लिहा भेट झाली. सही करा. परवाची गाडी आहे आपली."

"तेहेतीस वर्षांत न तपासलेल्या तराजूवर मी शिक्का मारला नाही."

"अहो, पण तुम्ही दिवसभर तुम्हालाच भेटत असता की."

"जोडीने नाही," बाबा म्हणाले.

तेवीस तारखेला सकाळी दहा वाजता बाबांनी कोट चढवला, बिल्ला लावला, लेकीलाही लावायला लावला. दोघं बाहेर आली, दाराला कुलूप लावलं. बाबांनी बेल वाजवली. दोघं थांबली. आत बेल छान घणघणत होती.

"घरी नाहीत," बाबा म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं: घर बंद.

"बाबा, तुम्ही इथे उभे आहात."

"मी भेट द्यायला आलोय. भेट घेणारा आत पाहिजे. आत कोणी आहे का?"

"नाही."

"मग काय चूक लिहिलं?"

दुपारी लेकीने डोकं चालवलं. बाबांनी आत बसावं, तिने बेल वाजवावी. पण मग बाहेर ती एकटी राहत होती, जोडी होत नव्हती. शेवटी तोडगा निघाला तो बाबांच्याच डोक्यातून. बेल वाजताना जोडी हजर असली म्हणजे झालं. बेल दोघांनी वाजवायची, मग बाबांनी लगबगीने घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरायचं आणि पुढचं दार उघडायचं. लेकीने मान डोलावली. त्या घटकेला तिला हे शहाणपणाचं वाटलं, यावरून ती किती थकली होती हे कळावं.

बेल वाजली. एकाहत्तर वर्षांचा माणूस कोट सावरत धावत घरामागे गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो दुसऱ्या बाजूने, कोपराला भिंतीचा चुना लागलेला, परत आला.

"मागच्या दाराला आतून कडी आहे."

"मी सकाळी लावली होती," लेक म्हणाली.

"घर बंद," बाबा म्हणाले आणि लिहिलं.

समोरच्या घरात राहणारी शिवणकामवाली मशीन थांबवून हे सगळं बघत होती. ती दोऱ्याचं रीळ हातात घेऊनच रस्ता ओलांडून आली आणि तिने लेकीला बाजूला घेतलं.

"ताई, विचारू नये, पण बाबा ठीक आहेत ना? सकाळी स्वतःच्याच घराची बेल वाजवून उभे होते. आता वाजवून पळाले. आमच्याकडे लहान पोरं असं करतात."

"ते भेट द्यायला आलेत."

"कोणाला?"

तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "इथे राहणारे गृहस्थ आज तुम्हाला दिसले होते का?"

शिवणकामवाली रीळ गुंडाळत मागे वळली. घरी गेली आणि तिने सरळ मिशनच्या कार्यालयात फोन केला. तिथे बाबांनी फोनवर कळवल्यामुळे या पत्त्यावरून दोनदा घर बंद आलंच होतं. त्यात आता शेजारणीचा जबाब मिळाला, की म्हातारा गृहस्थ स्वतःचं घर विसरला असून स्वतःचीच चौकशी करत फिरतो आहे. तिसऱ्या खेपेची वाट न बघता प्रकरण चिंताजनक झालं.

चोवीस तारखेला सकाळी नऊ वाजता फाटकाशी बस थांबली. संयोजक उतरला, त्याच्यामागे बारा गायक, एकाच्या हातात बाजाची पेटी, एकाच्या हातात खाऊचा डबा. बाबा लेकीसह बाहेरच होते, कोट, बिल्ला, हातात कागद. तिसऱ्या भेटीला निघाले होते, म्हणजे दारातून बाहेर येऊन वळले होते.

"बरं झालं आलात," ते संयोजकाला म्हणाले. "मी दोनदा येऊन गेलो. माणूस सापडत नाही."

संयोजकाने लेकीकडे पाहिलं, लेकीने त्याच्याकडे. पण बस भाड्याची होती आणि अजून सात पत्ते बाकी होते. "आधी गाणं घेऊ," तो म्हणाला. गायक अर्धवर्तुळात उभे राहिले. बाबा सवयीने डाव्या टोकाला, खालच्या सुरातल्या मंडळींत जाऊन उभे राहिले. सगळ्यांनी रिकाम्या घराकडे तोंड करून नाताळचं गाणं म्हटलं. चांगलं झालं. बाबांचा सूर लागला होता. संयोजकाने वार्षिक अहवालासाठी फोटो काढला. त्यात बाबा आले, घर आलं आणि डबाही आला.

"आता वीस मिनिटं बसायचं कोणी?" त्याने घड्याळ बघत विचारलं. शेवटी त्यानेच निर्णय दिला. जोडी म्हणजे तो आणि ताई. काका आजच्यापुरते कामावरून मोकळे, त्यांनी आत जावं. बाबांनी त्याचं म्हणणं नीट ऐकलं, त्यात कुठे खोट सापडते का ते पाहिलं, सापडली नाही. त्यांनी कोटावरचा बिल्ला काढला, खिशात ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बेल वाजली. बाबांनी दार उघडलं.

"या," ते म्हणाले.

तिघं बसली. डबा टेबलावर ठेवला. संयोजकाने "काका, कसं वाटतंय" इतकं विचारलं आणि त्याचा फोन वाजला. बसवाला फाटकापाशी अडला होता. "दोन मिनिटं," म्हणून तो बाहेर गेला. खिडकीतून त्याचा आवाज येत राहिला, दोन मिनिटं काही संपेनात.

लेकीच्या मांडीवर अहवालाचा कागद होता. आतापर्यंत तो बाबांच्या हातात असायचा. त्यावर काय छापलंय ते तिने पहिल्यांदाच नीट वाचलं. व्यक्तीची प्रकृती. व्यक्तीची गरज. व्यक्ती काय म्हणाली. ती पेनाशी चाळा करत बसली.

"असं नाही सुरू होणार," बाबा म्हणाले. "आधी पाणी माग."

"मला तहान नाहीये."

"तिलाही नसायची. प्रत्येक घरी मागायची. पाणी मागितलं की माणसाला उठावं लागतं, भांडं शोधावं लागतं. परत येऊन बसतो तोवर बोलायला लागलेला असतो."

"बाबा, पाणी द्या."

बाबा उठले. आत भांड्यांचा आवाज झाला. चुकीचं कपाट, मग बरोबर कपाट. ते दोन पेले घेऊन आले, एक तिच्यापुढे ठेवला, दुसरा कुणाचा हे न कळल्यासारखा हातातच धरून बसले.

"रिबीन वीस इंच कापायला काय हरकत होती," ते म्हणाले. "रीळ भरपूर होतं."

लेकीने लिहिलं नाही.

"ती बोलायची तेव्हा मी कागदात तोंड घालून असायचो. कोण काय म्हणालं ते मी तिला विचारून लिहायचो, घरी आल्यावर. आता कोणाला विचारू?" त्यांनी पेला खाली ठेवला. "तू लिहीत का नाहीस?"

"लिहिते."

"तुझं काय चाललंय?"

"कागदावर माझा रकाना नाही."

"मी कागद बघून विचारत नाहीये."

बाहेर संयोजक बसवाल्याला डावीकडे घे, अजून डावीकडे, असं सांगत होता. लेकीने पेनाचं टोपण लावलं.

"बाबा, तुम्ही दोघं इकडे यायला निघालात तेव्हा मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते, आमचे आईबाबा या वयात बघा किती करतायत. खोटं होतं ते. मला तुम्ही जायला नको होतात. अनोळखी माणसांकडे जाऊन रोज बसता, माझ्याकडे का नाही येऊन बसत, हे मला आईला विचारायचं होतं. मीही एकटीच होते की. दीड वर्ष जिभेवर होतं, आणि मी तिला दरवेळी सांगायची, मला कामं आहेत."

विसावं मिनिट होऊन गेलं होतं, पण बाबा उठले नाहीत; त्यांनी दुसरा पेला तिच्यापुढे सरकवला.