गिरणीवाल्या आण्णांचं नाक

आमच्या नळदुर्गच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते गिरणीवाले आण्णा ओट्यावर हुभं राहून, नाक वर करून, गल्लीभर वरडून सांगायचे. शुक्रवारी, "भाभीकडं दालचा! चिंच जास्त झाली!" सोमवारी, "हिरेमठकाकूची हुग्गी! गूळ कमी, हौदल्ला?" हौदल्ला म्हंजी कानडीत, खरं का न्हाय. रविवारी मेंढरंवाल्या मावशीकडचं मटण. सवता माळकरी, पण त्याच्या बी मिठात खोट काढायचे!

बाया चिडायच्या, ताट घिऊन ओट्यावर जायच्या. "बघा की वो, कुटं कमी हाय गूळ?" झालं, तासभर कचाकचा.

म्या सातवीपतूर शिकल्याली, सगळ्याला भ्यायची. "सुनबाई, आज बी पिठलंच?" आण्णा म्हणले की म्या दारच लावून घ्यायची.

परवा गॅसची नवी टाकी लावली अन् सूंऽ असं वाजल्यागत झालं. नवरा सोलापूरला, सर्दीनं माजं नाक बंद, बाळ दुधासाठी रडायलंय, हातात काडीपेटी, वढावी का नको? म्या आण्णांलाच वरडून बोलीवलं. मागनं सगळी गल्ली आली.

"आण्णा, वास येतोय का? काडी वढू का?"

आण्णांनी टाकीला नाक लावलं. एकदा, दोनदा. सगळ्या बाया बघायल्या. आण्णांला दरदरून घाम. अन् एकदम माज्या हातातली काडीपेटी हिसकली.

"नको! मला वास येत न्हाय पोरी! चार वर्सं झाली, कशाचाच येत न्हाय! बाळ घे, भाईर पळ!"

बटण बंद करून, नळी काढून ती जड टाकी त्यांनी एकट्यानं अंगणात वढत आणली. भाभीनं वाकून हुंगलं. "या अल्ला, गॅसच है!"

म्या बाळाला घिऊन अजून चार पावलं मागं सरली. हिरेमठकाकू मातुर कमरेवर हात ठिवून हुभ्या. "मग काल माजी आमटी करपली म्हणलात ते?"

"तुजी रोजच करपती."

सगळ्या हसल्या, पांगल्या. आण्णा पायरीवर धापा टाकत बसले. म्या पाणी दिलं.

"गिरणी चालवली जलमभर," आण्णा म्हणले. "कोण काय दळतं, कोणत्या वारी काय करतं, पाठ हाय. बायकू गेली त्या तापात माजं नाक बी गेलं."

"मग रोज वरडता कशाला वो?"

आण्णांनी बाळाचा शेंबूड आपल्या धोतरानं पुसला.

"घरात भांडाया कोण हाय का आता?"