हिबारी-यूचा डुगडुगता दगड

ही गोष्ट १९९३ सालची. त्या वर्षी कानाझावाला उन्हाळा असा आलाच नाही, शेतात भात पिकला नाही, आणि आता परदेशी तांदूळ खावा लागणार म्हणून लोक तोंडं पाडून बसले होते. फुमिएला मात्र त्या वर्षाचं सगळ्यात आधी आठवतं ते हे, की ऑक्टोबरात तिला शाम्पूच्या बाटलीवरच्या रेघा सापडल्या.

फुमिए तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. नवरा तोकुजी आणि ती मिळून ‘हिबारी-यू’ नावाचं आळीतलं सार्वजनिक न्हाणीघर चालवत. एके दिवशी केस धुताना तिच्या डोळ्यांत फेस गेला. डोळे गच्च मिटून तिने बाटली चाचपली, आणि बोटांना कडेला बारीक उभ्या रेघा लागल्या. दुसरी बाटली चाचपली, ती गुळगुळीत. पहिली शाम्पूची, दुसरी नंतर केसांना लावायच्या मलमाची! फुमिए तशीच फेसाळलेल्या डोक्याने, अंगाला पंचा गुंडाळून बाहेर धावली.

“अहो! ज्याला दिसत नाही त्याचाही विचार केलाय हो कुणीतरी! डोळे मिटून बघा!”

“डोळे मिटून कसं बघू?” तोकुजी भट्टीत लाकूड सारत म्हणाला.

“हाताने बघा!”

त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. टेलिफोनच्या कार्डाला कडेला एक छोटी खाच असते, म्हणजे अंधारातही ते सरळ घालता येतं, हे तिला सापडलं. मोठ्या चौकात एका बाजूचा रस्ता खुला झाला की सिग्नलमधून कोकिळेचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूचा झाला की पिल्लांची चिवचिव. एवढी वर्षं तिला वाटत होतं, की ती नगरपालिकेने लावलेली करमणूक आहे. दुकानातल्या भाताच्या गोळ्याचं वेष्टन एक, दोन, तीन अशा क्रमाने ओढलं की आतलं शेवाळाचं पान शेवटपर्यंत कुरकुरीत कसं राहतं, हे बघायला तिने एका दिवसात सहा गोळे सोडले. तोकुजीला ते संध्याकाळपर्यंत खावे लागले. नागोयाला दिलेल्या मुलीला, चिनात्सुला, ती फोन करून सांगायची, “अगं, संडासाच्या टाकीवरच हात धुवायचा नळ! तेच पाणी खाली टाकीत! कुणाचं डोकं चाललं असेल गं?”

“आई, तो नळ आपल्याकडे मी लहान असल्यापासून आहे.”

“हो, पण मी आज पाहिला!”

दुसऱ्यांनी एवढा विचार केलाय म्हटल्यावर ती हिबारी-यूकडे नव्या नजरेने बघू लागली आणि तिला लाज वाटली. न्हाणीघराला दोन दारं होती. उजवीकडचं पुरुषांचं, त्यावर निळा पडदा. डावीकडचं बायकांचं, त्यावर लाल. दोन्ही दारांपुढे चढायला एकेक दगडी पायरी. बायकांची पायरी पक्की होती. पुरुषांची मात्र तोकुजीने सव्वीस वर्षांपूर्वी स्वतः बसवली होती, आणि ती डुगडुगायची. पाय ठेवला की ‘गुडुक’ असा आवाज यायचा. ती बसवा म्हणून फुमिएने सव्वीस वर्षं नवऱ्याला बोलबोल बोलून घेतलं होतं. तो दर वेळी “बघू” म्हणायचा आणि भट्टीकडे जायचा.

ऑक्टोबरअखेर न्हाणीघरवाल्यांच्या संघाची वार्षिक सहल निघाली. वर्षभर लोकांना आंघोळी घालणारे हे सगळे दरवर्षी वाकुराला गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायला जात. तोकुजीची पाठ वळताच फुमिएने गवंडी दान्नोला बोलावलं.

“असा बसवा, की भूकंपाला हलू नये!”

“वहिनी, दान्नोने बसवलेला दगड हलला असं ऐकलंय कधी?”

त्याने दगड सिमेंटमध्ये रुतवला. वाळायला दोन दिवस दार बंद ठेवलं, आणि मग दगड असा घट्ट बसला, की फुमिएने वर चार उड्या मारल्या तरी हूं की चूं नाही. आनंदाने ती नाचायचीच बाकी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता न्हाणीघर उघडलं. नेहमीप्रमाणे पहिले आले ते नागासे मास्तर. सत्तरीचे, जन्मांध, अंग रगडून देण्यात आणि दुखण्यावर सुया टोचण्यात आख्ख्या कानाझावात नावाजलेले. घरी न्हाणी नव्हती. सव्वीस वर्षं ते रोज तीनच्या ठोक्याला यायचे, आणि कुणी हात धरायला गेलं तर म्हणायचे, “मला पाण्याचा वास कळतो. आधी तुमचं तुम्ही बघा.”

फुमिए तेव्हा पडद्यामागच्या, पैसे घ्यायला बसायच्या उंच बैठकीवर नव्हती. रेघांच्या नव्या बाटल्या ती बायकांच्या बाजूला, आत नळांपाशी मांडत होती. हौदात टोफूवाली कुरोसाकी आजी आणि बाजारात मासळी विकणारी यासुए गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या, आणि तांदळाच्या नावाने खडे फोडत होत्या. तेवढ्यात काचेचं दार सरकलं आणि नागासे मास्तर आत आले. आंघोळीला जसं यावं तसेच, हातात फक्त लहानसा पंचा.

कुरोसाकी आजीचं तोंड उघडं पडलं. यासुएने तिच्या तोंडावर हात दाबला. फुमिएच्या हातातली बाटली निसटली ती तिने पायावर झेलली आणि ओठ चावून बोंब गिळली.

“बापरे, मास्तर!” आजी यासुएच्या बोटांमधून कुजबुजली.

“श्श! त्यांना कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्यांना.”

“आणि आपल्याला?”

“आपलं काय गं? त्यांना कुठे दिसतंय?”

मास्तरांनी शांतपणे अंग घासलं, पाणी ओतून घेतलं आणि हौदात उतरले. आळीतल्या सगळ्यात बडबड्या दोन बायका चार हातांवर मुक्या बसल्या होत्या. फुमिए भिंतीला चिकटून श्वास रोखून उभी.

“आज फार शांत आहे,” मास्तर म्हणाले. “कुणी आहे का?”

आता उत्तर नाही दिलं तर संशय यायचा. तीस वर्षं बाजारात ओरडून यासुएचा आवाज चांगलाच फाटलेला होता. तिने हनुवटी पाण्यात घातली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “हं.”

“मोरिशिता का?” मास्तरांनी पुरुषांकडच्या एका रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव घेतलं.

“हं.”

“पोट कसं आहे?”

“ठीक,” यासुए म्हणाली, आणि शेजारी आजीने हसू दाबण्यासाठी डोक्यासकट पाण्यात बुडी मारली. आजी एकोणऐंशीची होती. ती किती वेळ खाली राहील, या काळजीने फुमिएला घाम फुटला.

मास्तर नेहमीइतकेच, बरोबर दहा मिनिटं बसले. मग उठले, वाकून “मी जरा आधी निघतो” म्हणाले आणि बाहेर गेले. फुमिए धावत जाऊन बाहेरच्या पडद्याशी उभी राहिली आणि येणाऱ्या बायकांना दोन्ही हात पसरून अडवत राहिली. मास्तर कपडे करून काठी टेकत निघून गेले. मागे तिघी जमिनीवर बसून रडेपर्यंत हसल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, मास्तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फुमिएचं हसू आटलं. त्यांना कळलं असणार. कुणीतरी बोललं असणार. आता हा मानी माणूस पुन्हा तोंड दाखवायचा नाही, आणि दुसरं न्हाणीघर तर नदीपलीकडे, रहदारीच्या दोन रस्त्यांपलीकडे. सव्वीस वर्षांचा माणूस आपल्या दारातून गेला, आणि का, हेच तिला उमगेना. ते चुकलेच कसे?

त्या संध्याकाळी तोकुजी सहलीहून परतला. हातात मिठाईचा पुडा. पुरुषांच्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि तिथेच थांबला. पाय उचलला, पुन्हा ठेवला.

“फुमिए. हा दगड कुणी बसवला?”

“मी!” त्या दुःखातही तिची मान ताठ झाली. “बघा, हलतो का!”

तोकुजी मटकन त्याच दगडावर बसला. “अगं, मास्तर दार कसं ओळखतात असं तुला वाटलं? वासाने?”

फुमिएने खाली दगडाकडे बघितलं.

“पहिल्या वर्षी तो माझ्या हातून वाकडाच बसला, हे खरं. पण महिन्याभरात बघितलं, मास्तर पाय ठेवून ‘गुडुक’ ऐकतात आणि मगच पडदा उचलतात. तेव्हापासून दर वसंतात मी खालची रेती थोडी काढतो. घट्ट बसू नये म्हणून.”

“आणि सव्वीस वर्षं माझी बोलणी खाल्लीत? मला का नाही सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत आळीला कळलं असतं, आणि संध्याकाळी मास्तरांना. त्यांना कुणी मदत केलेली खपत नाही.”

गावभर लोकांचा विचारीपणा शोधत हिंडलेल्या बाईने आपल्याच दारातला सिमेंटात पुरला होता. फुमिए ढसाढसा रडली, मग नाक पुसून उठली आणि चप्पल घालून थेट दान्नोकडे गेली.

“डुगडुगता करून द्या.”

“काय?”

“दगड. आधी होता तसा.”

“वहिनी, चाळीस वर्षांत मी कामाची अशी बेअब्रू केली नाही!” पण दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी घेऊन आला. सिमेंट फोडलं, दगड मोकळा केला. तोकुजी वर चढला. टक्क.

“हा नव्हे. जरा जाड आवाज होता.”

दान्नोने रेती घातली. खटक. चिमूटभर काढली. गुडगुड. कुरोसाकी आजी आणि यासुएही येऊन पाळीपाळीने चढून बघू लागल्या. “एवढा नाही, म्हातारी माणसं पडतील!” “अहो, जरा डावीकडे!” दान्नो दात खाऊन म्हणाला, “पक्कं बसवायला अर्धा दिवस लागला होता. वाईट बसवायला आख्खा दिवस!” ऊन उतरता उतरता तोकुजीने पुन्हा पाय ठेवला.

गुडुक.

आता मास्तरांना आणायचं कसं? फुमिए मान आखडल्याचं सांगून त्यांच्याकडे गेली. मान खरंच आखडली होती. मास्तर रगडत राहिले.

“मास्तर, त्या दान्नोचं काम बघा,” ती शेवटी धीर करून म्हणाली. “मेल्याने दगड बसवला म्हणे. चार दिवसांत डुगडुगायला लागला.”

मास्तरांचे हात थांबले. मग खांदे हलू लागले. ते हसत होते.

“वहिनी, दोन्ही पायऱ्या पक्क्या लागल्या तेव्हा म्हटलं, आज माझेच पाय चुकले. हौदात उतरल्यावर कळलं. पाणी कोमट, आणि मधली भिंत भलत्या हाताला.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?”

“त्या दोघी बिचाऱ्या माझ्यासाठी श्वास रोखून बसल्या होत्या. ओरडत पळालो असतो तर त्यांचे कष्ट वाया गेले असते. म्हणून दहा मिनिटं बसलो. पण यासुएला सांगा, मोरिशिता एवढं गोड बोलत नाही.”

फुमिए उशीत तोंड खुपसून हसली. मास्तर पुन्हा मान रगडू लागले. जरा वेळाने हळूच म्हणाले, “वाकडा दगड आपणहून सव्वीस वर्षं तसाच डुगडुगत नाही. दर वसंतात त्याचा आवाज नवा होतो. हे मला माहीत आहे, असं तोकुजीला सांगू नका. त्याला बरं वाटतं.”

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला बाहेर गुडुक वाजलं. “अजून बसवला नाहीस का रे हा दगड?” मास्तर आत येत खेकसले. “बघू,” तोकुजी म्हणाला. बैठकीवर बसलेल्या फुमिएने दोघांकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा पोटात गोष्ट ठेवली. एक नाही, दोन.

कुरोसाकी आजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली. शेवटपर्यंत ती लग्नकार्यात यासुएचा “हं” करून दाखवायची. यासुएने मासळीचा धंदा सोडला, पण आवाज काही सुधारला नाही. दान्नो म्हणायचा, की आयुष्यभर शंभर पायऱ्या पक्क्या बसवल्या, आणि लोक मला ओळखतात ते एका वाईट पायरीने. नागासे मास्तर २००४ च्या हिवाळ्यात गेले. पुढच्या वसंतात तोकुजीने रेती काढलीच. २०१० मध्ये हिबारी-यू बंद झालं, आणि दोन वर्षांनी तोकुजी गेला.

फुमिए आता नव्वदीची आहे. ती नागोयाला चिनात्सुकडे राहते. एका ओळीत दहा घरं आहेत, दहाही एकसारखी. तिला आता फारसं दिसत नाही. न्हाणीत मात्र बाटलीवरच्या रेघा बरोबर सापडतात, आणि रोज तितकाच आनंद होतो. तो दगड तिने सामानाबरोबर आणवला होता. जावई शुन्साकुने तो दारापुढे बसवलाय, आणि तो डुगडुगतो.

“आईला दिसत नाही, एखाद्या दिवशी पडेल ती!” चिनात्सु नवऱ्याला आठवड्यातून दोनदा तरी बोलते. “एवढा एक दगड नीट बसवता येत नाही तुम्हाला?”

“बघू,” शुन्साकु म्हणतो.

गेल्या एप्रिलमध्ये फुमिएला सकाळी अंगणातून खरवडल्याचा आवाज आला. कुणीतरी दगडाखालची रेती काढत होतं. ती अंथरुणातच पडून राहिली, आणि कुणाला काही बोलली नाही.