एक पाहुणी जायची राहिली

ज्या शहरानं एकदा मोठे क्रीडासामने भरवले, ते शहर पुन्हा कधीच पूर्वीसारखं होत नाही. हे सत्य जगभरच्या तज्ज्ञांना मान्य आहे. फक्त ते हे वाक्य आनंदानं म्हणतात.

आमच्या बेश-अर्ना शहरात नऊ वर्षांपूर्वी अकरा दिवस सामने झाले. त्यांचे चिरस्थायी लाभ पालिकेनं रंगीत पुस्तिकेत छापले आहेत, आणि ते नाकारणारा माणूस कृतघ्नच म्हणावा लागेल. बारा हजार आसनांचं बर्फाचं स्टेडियम आहे (बर्फ सोडून सर्व सोयी उपलब्ध). सायकलशर्यतीच्या घुमटात कांदे वाळतात, आणि इतका शास्त्रशुद्ध उतार किर्गिझ भूमीवरच्या दुसऱ्या कुठल्याही कांद्याच्या नशिबी नाही. शिवाय भिंत आहे.

भिंत विमानतळापासून स्टेडियमपर्यंत जाते. लांबी चार किलोमीटर, उंची तीन मीटर. मागची मातीची घरं, दोरीवरच्या चड्ड्या आणि बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलणारे म्हातारे पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, हा तिचा हेतू. तिच्यावर हिमशिखरं रंगवली आहेत. खरी हिमशिखरं तिच्या मागेच आहेत, पण ती कधी ढगात, कधी धुक्यात. त्यांचा काही भरवसा नाही. रंगवलेली बारा महिने हजर असतात (एका पाहणीत ९४ टक्के पाहुण्यांनी हीच जास्त खरी वाटतात असं सांगितलं).

चौथ्या शिखराच्या पायथ्याशी, जिथे एक हिमबिबट्या हसतो आहे, तिथे ओरोझालीचं फाटक होतं.

ओरोझालीनं तीस वर्षं शहराची बस चालवली. भिंतीच्या संमतीपत्रावर त्यानं हसत सही केली होती. "पाहुण्यांसाठीच ना? मग अकरा दिवस काय, महिनाभर राहू द्या!" पाहुणे जाईपर्यंतच भिंत, असं त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हापासून त्याचं घर शेजारच्या कालिचाच्या गोठ्यातून ये-जा करतं. नऊ वर्षं कालिचा त्याला अके, म्हणजे दादा, म्हणून रोज ओरडते, "अके, बघून पाय टाका, शेण ताजं आहे!"

हेही चाललं असतं. पण धाकट्या इल्गिझचं लग्न ठरलं. आमच्यात थोरली मुलं आपापली घरं करतात, आणि आईबापाचं घर धाकट्याचं. म्हातारपणी चहाची वाटी हातात देणार ती त्याचीच बायको. मुलीची आजी घर बघायला आली, गोठ्यातून बाहेर पडली, भिंतीला बूट पुसले आणि म्हणाली, "आमची पोर सून म्हणून न्यायची आहे की कालवड म्हणून? फाटकातून न्याल तर देते. पानगळीपर्यंत वाट बघेन."

त्या संध्याकाळी ओरोझालीची बायको बुरमा त्याच्यावर बरसली. "अहो, जा की त्या हपिसात! बिया सोलत काय बसलात? भिंत पाहुण्यांची, आणि आपल्याच घरात चोरासारखे आपण!"

हपिस म्हणजे अतिथी सुखरूप प्रस्थान समिती. कर्मचारी सेहेचाळीस, नऊ वर्षं अव्याहत कार्यरत. अध्यक्ष शारशेन यांनी ओरोझालीला मानाच्या जागी बसवलं, चहा ओतला आणि दुःखानं सांगितलं, "अके, भिंत आज पाडली असती हो. पण पाहुणे गेलेले नाहीत."

"कोण राहिलंय?"

"एक पाहुणी."

आमच्या घरातून नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. घाई असो, भांडण असो, दारात उभं राहून चिमूटभर तरी तोडायचाच. समितीनं या चालीला नियमाचं रूप दिलं होतं: विमानतळावर पाहुण्यानं नान चाखायचा, मग त्याचं नाव 'गेले' या वहीत. चार हजार तीनशे अठरा आले. चार हजार तीनशे सतरांनी चाखला. पोर्तुगालची एक धावपटू मात्र गहू सोसत नाही म्हणाली, छातीवर हात ठेवून हसली आणि विमानात चढली. तिचं शरीर गेलं, प्रस्थान झालं नाही.

"मग पत्र टाका! विचारा तिला, कधी जाणार म्हणून!"

शारशेननं वाटी खाली ठेवली. "पाहुण्याला कधी जाणार म्हणून विचारायचं? अके, हे तुमच्या आईनं शिकवलं तुम्हाला?"

ओरोझालीचे कान लाल झाले. असं विचारणाऱ्याच्या त्यानं स्वतः मुस्कटात मारली असती. भला माणूस नेहमी त्याच्या भलेपणालाच धरून खाली पाडता येतो. हपिसांना हे पहिल्या दिवशी शिकवतात.

तरी त्यानं गुपचूप इल्गिझकडून तिला पत्र लिहून घेतलं: जा असं म्हणत नाही, उलट या. ती बिचारी आता कुठल्याशा शाळेत पोरांना कवायत शिकवत होती. आपल्यामुळे कुणाचं फाटक अडलं हे वाचून तिला रडू कोसळलं. कळवलं, येते, पोट दुखलं तर दुखू दे.

समितीच्या चौदा बैठका झाल्या. पाहुणी येणार म्हटल्यावर भिंत नव्यानं रंगवणं ओघानंच आलं. पाहणीत असं आढळलं की भिंतीला एके ठिकाणी दोन मीटरची फट असून तीतून रस्त्यावरून गायीचं ढुंगण दिसतं. फट तातडीनं बुजवण्यात आली. ती कालिचाच्या गोठ्याची वाट होती.

पाहुणी आली. ओरोझाली पांढरी टोपी घालून, शिडीनं भिंत उतरून पहिल्या रांगेत उभा राहिला. बँड वाजला. तिनं डोळे मिटून अर्धा नान संपवला, वहीत नाव चढलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात ओरोझालीनं वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन हपिसात गेला. शारशेननं त्याला मिठीच मारली. "अके, तुमचे उपकार! आधीचे पाहुणे जाईपर्यंत नवे बोलावता येत नव्हते. आता येतात. चार वर्षांनी हिवाळी सामने आपल्याकडे! भिंत आणखी एक मीटर चढवतोय."

पानं गळली. मुलीची आजी आली, शिडीकडे बघून आल्या पावली परतली. लग्न झालं, पण तिच्या अंगणात. तिथे दोन झडपांचं फाटक सताड उघडं होतं. इल्गिझ तिथेच राहिला. घरजावई. आमच्यात ही शिवी आहे. बुरमानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. ओरोझाली शिडी चढून चौथ्या शिखरावर जाऊन बसला आणि भर दुपारी, बसगाड्या जात असताना, ढसाढसा रडला. प्रवाशांनी फोटो काढले (पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत एक घेतला आहे, 'डोंगराशी एकरूप नागरिक').

हिवाळी सामन्यांचं उद्घाटन तुम्ही टीव्हीवर पाहालच. कॅमेरा त्या शिखरांवरून हळूहळू फिरेल, आणि चहाचा कप हातात धरून तुम्ही बायकोला हाक माराल, "अगं, ये, बघ तरी! काय शहर ठेवलंय! रस्त्यात एक माणूस मधे येत नाही. नाहीतर आपल्याकडे!"