केप ल्यूसीची काठावरची परंपरा

केप ल्यूसी मतदारसंघाच्या इतिहासात आजवर कुणीही भरघोस मतांनी निवडून आलं नव्हतं, आणि तिथल्या मतदारांना याचा रास्त अभिमान होता. प्रांताच्या विधानसभेत इथून कधी लाल पक्षाचा माणूस जाई, कधी निळ्या. पण जाई तो काठावर, धापा टाकत. एकदा तर दोघांना सारखी मतं पडली आणि नाणं उडवून आमदार ठरवावा लागला. पुढच्याच उन्हाळ्यात बंदराच्या धक्क्याला नवं काँक्रीट मिळालं.

राजधानीतलं गणित सोपं होतं. जो मतदारसंघ हमखास आपला, त्याच्यावर पैसा कशाला उधळायचा? आणि जो हमखास दुसऱ्याचा, त्याच्यावर तर मुळीच नाही. केप ल्यूसीचं काहीच हमखास नसल्यामुळे निवडणूक जवळ आली की डांबराच्या गाड्या आपसूक तिकडे वळत. त्या बेटवजा प्रांतात बाकीचे लोक खड्डे चुकवत जगत होते; इथे गाईच्या गोठ्यापर्यंत डांबर होतं.

हा समतोल काही देवाची करणी नव्हती, तो घरोघर राखलेला होता. नवऱ्याने लाल, बायकोने निळं, अशी रीतच होती. सोयरीक जमवताना चर्च कुठलं ते नंतर. आधी पक्ष विचारत. दोघं एकाच रंगाची निघाली तर बोलणी तिथेच फिसकटत. ल्यूथर मॅकइसॅक हा लॉबस्टर पकडणारा गडी पिढीजात लाल, आणि त्याची बायको बर्निस पिढीजात निळी. लॉबस्टरचा हंगाम संपला की रस्त्याच्या कामावर ‘थांबा’ची पाटी धरून उभं राहायचं काम मिळे, तेही सरकारचा रंग पाहून. लाल सरकार आलं की पाटी ल्यूथरच्या हातात, निळं आलं की बर्निसच्या. घरात नारिंगी जाकीट मात्र एकच, दोघांनाही होईल अशा बेताचं.

असं सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं असताना लाल पक्षाने घात केला. त्याने चांगला उमेदवार दिला.

डॉ. युलाली आर्सेनो. गावातला दवाखाना सरकारने बंद केला होता. कागदोपत्री त्याला ‘आरोग्यसेवेचे दुरून बळकटीकरण’ असं नाव होतं. तेव्हापासून ही बाई आपल्या खटारा गाडीतून घरोघर फिरून लोकांना तपासत असे. हिवाळ्यात बर्निसच्या छातीत कळ आली, तेव्हा बर्फ तुडवत तीच पोचली होती. “निवडून आले तर दवाखाना उघडून घेईन,” एवढंच तिचं भाषण. बर्निसचं दुखणं पुन्हा उलटलं तर शहर दोन तासांवर, या विचाराने ल्यूथरला घास जात नसे. त्याला तो दवाखाना हवाच होता.

निळ्यांतून तिच्यासमोर कुणी उभं राहीना. शेवटी त्यांनी हबर्ट गिलिसच्या गळ्यात माळ घातली. हबर्टचा व्यवसाय अंत्यविधीचा. माणूस भला होता, पण मत मागायला दारात आला की लोक उगाचच म्हणत, “आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत हो!”

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात शिंपल्यांच्या सुपाचं गावजेवण होतं. बर्निसने चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, “मी उद्या लाल देणार.”

“वेडी की खुळी तू? मग घरातलं निळं कोण देणार?”

“तू दे.”

“मी? माझा आजा थडग्यात उठून बसेल!”

“बसू दे. हबर्ट आहेच परत निजवायला.”

शेजारच्या टेबलावरून हबर्टने खाली मान घालून हात वर केला.

ल्यूथरला रात्रभर डोळा लागला नाही. अख्खं गाव डॉक्टरीणबाईंच्या मागे. म्हणजे बाई येणार, आणि रग्गड मतांनी येणार. मग केप ल्यूसी हमखास लाल ठरणार आणि हमखास मतदारसंघाला दवाखाना कोण देतो? बाई यायला तर हवी, पण काठावर! तेव्हा कुणीतरी काळजावर दगड ठेवून निळं द्यायला हवं. ‘माझ्या एका मताने काय होतंय, बाई येतेच आहे,’ असं म्हणत त्याने सकाळी पडद्याआड जाऊन हबर्टच्या नावासमोर फुली मारली. बाहेर आला तो हुतात्म्याच्या तोऱ्यात.

बर्निसनेही तोवर विचार बदलला होता. ल्यूथरची हाडंसुद्धा लाल, तो काही निळं द्यायचा नाही; तेव्हा घरची रीत आपणच राखावी हे बरं. त्या दिवशी मतदान केंद्रातून जो तो असाच, गावासाठी फार मोठा त्याग केल्याच्या चेहऱ्याने बाहेर पडत होता.

संध्याकाळी मतं मोजली. निवडणूक अधिकारी एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागला, “गिलिस. गिलिस. गिलिस.” हबर्टचा चेहरा त्याच्या गिऱ्हाइकांसारखा पांढरा पडला.

“पुन्हा मोजा!” तो ओरडला. विजयी उमेदवारानेच फेरमोजणी मागण्याचा हा प्रांतातला पहिला प्रसंग होता. पुन्हा मोजली. डॉक्टरीणबाईंना तीन मतं. एक त्यांचं, एक त्यांच्या नवऱ्याचं.

“तिसरं माझं,” हबर्ट रडवेला होऊन म्हणाला. “दवाखाना उघडला तर माझा धंदा बसला असता, तरी मी बाईंनाच दिलं हो!”

मग बाईंचं सांत्वन करायला रांग लागली. “मी तुम्हालाच दिलं होतं,” ल्यूथर त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला.

“हो ना,” बाई हसून म्हणाल्या. “आज सगळ्यांनीच दिलंय.”

निळ्या सरकारने केप ल्यूसीला ‘अभेद्य बालेकिल्ला’ असं गौरवलं आणि डांबराच्या गाड्या दुसऱ्या, डळमळत्या मतदारसंघाकडे वळवल्या. लाल पक्षाने नकाशावरच्या केप ल्यूसीवर काट मारली. वसंतात डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या प्रांतातल्या दवाखान्यात नोकरी मिळाली आणि त्या गेल्या.

शरद ऋतूत बर्निसच्या छातीत पुन्हा कळ आली. ल्यूथरने गाडी हाणली ती थेट शहरात. निभावलं म्हणायचं, कॉटवर पडल्या पडल्या ती नर्सला सूप अळणी असल्याचं सांगू लागली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. बाहेर बाकांवर कुणी गुडघा धरून, कुणी खोकत, निम्मं केप ल्यूसी बसलेलं.

“बाई निवडून आली असती तर हे हेलपाटे पडले असते का?” ल्यूथर तावातावाने म्हणाला. “पण लोकांना अक्कल कुठाय! कोण असतात हो ही माणसं, चांगल्या उमेदवाराला पाडणारी?”

बाकांवरच्या झाडून साऱ्यांनी संतापून माना डोलावल्या. वाचकहो, तुम्हीही मान डोलावलीत, ती आम्ही पाहिली.