रेघेखालचे दिवस

घड्याळजींच्या बायकोने बॅग भरली होती. चारच्या गाडीने ती बहिणीकडे निघाली होती आणि परत कधी येणार असं विचारलं, तर "बघू" एवढंच म्हणत होती. भांडण वगैरे काही झालं नव्हतं हो! सकाळी तिने सहज विचारलं, "आज काय आहे, आठवतंय का?" घड्याळजी डोळ्याला भिंग लावून म्हणाले, "मंगळवार."

त्या मंगळवारी लग्नाला चाळीस वर्षं झाली होती.

माणूस वाईट नव्हता. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, तिथे तीस घड्याळं आपापली वेळ सांगत टिकटिकायची, आणि एकदा तंद्री लागली की घड्याळजींना जेवणाखाणाची शुद्ध राहायची नाही. पण ते "बघू" त्यांच्या काळजात रुतलं. ही गेली तर घरात नुसती टिकटिक उरेल! चांदीचं एक जुनं खिशातलं घड्याळ त्यांनी काढलं. झाकणावर संसाराचे दिवस कोरायचे, एकूण एक, आणि तिच्या हातात ठेवायचं. चौदा हजार सहाशे दहा! तेही रोमन आकड्यांत, कारण रोमन आकड्यांत त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. अर्थात बारापर्यंतच. तेराची कधी गरजच पडली नव्हती.

त्यांनी गणित शिकवणाऱ्या लेकीला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"हजाराला एम, बाबा."

"मग चौदा हजाराला?"

"चौदा एम."

झाकण बिस्किटाएवढं. फार तर पाच मावले असते.

"असं करा," लेक म्हणाली, "नुसते चौदा लिहा आणि त्यांच्या डोक्यावर आडवी रेघ मारा. रेघेखाली येतं ते हजारपट होतं. पुढचे सहाशे दहा म्हणजे डी, सी, एक्स. ते रेघेबाहेर ठेवा. ऐकताय ना?"

"ऐकतोय गं, ऐकतोय."

आकडे झकास उतरले. चौदातले चार त्यांनी डायलवर असतात तसे चार काड्यांचे काढले. मग रेघ. मऊ चांदीवर कोरणी सुळकन सरकली आणि घड्याळजीही तिच्याबरोबर निघाले, थेट पहिल्या दिवसापर्यंत. लग्नाआधी बायको बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आली होती. बिघाड काहीच नव्हता, फक्त चावी द्यायची राहिली होती. तरी त्यांनी ते तीन आठवडे ठेवून घेतलं होतं. ती दर दोन दिवसांनी विचारायला यायची, आणि ते दर वेळी नवा बिघाड सांगायचे. किती गोड दिवस होते ते!

"बाबा, रेघ कुठवर आली?"

घड्याळजी भानावर आले. "शेवटपर्यंत."

"अरे देवा! म्हणजे एक कोटी सेहेचाळीस लाख दहा हजार दिवस! बाबा, तुमच्या लग्नाला चाळीस हजार वर्षं झाली!"

घड्याळजींनी कानस घेतली आणि जादा रेघ घासायला लागले. रेघ खोल गेली होती, ती काही हलेना. त्यांनी जोर लावला. बिजागरी मोडली आणि झाकण टणकन उडून दाराशी पडलं.

दारात बायको उभी होती, बॅग घेऊन. तिने झाकण उचललं.

"हे काय?"

"आपले दिवस," घड्याळजी पुटपुटले. "पण चुकलं गं. चाळीस हजार वर्षं झालीत."

तिने झाकण उलटसुलट करून पाहिलं. "चुकलं कुठे? मला तेवढीच वाटतात."

फोनमधून लेकीचं खुदखुदणं ऐकू आलं.

"एवढ्या वर्षांत," बायको म्हणाली, "मला एकदा तरी गाडीवर सोडायला आलात?"

"नाही."

"मग उठा. आणि आधी दाढी करा."

"गाडीवर सोडायला दाढी कशाला?"

"नुसतं गाडीवर सोडायला कोण म्हणालं?" ती म्हणाली, आणि त्यांचे दोन सदरे बॅगेत कोंबायला लागली.