एका मैदानाचे चार नकाशे

वामनअण्णा परुळेकरांना पत्ता विचारला की ते आधी विचारायचे, "जाणार कोण?"

एकदा माझ्या मावशीला दवाखान्यात जायचं होतं. मीच जातोय म्हटलं असतं, तर अण्णांनी दोन रेघांत काम उरकलं असतं. पण जाणार मावशी, हे कळल्यावर ते कानावरची पेन्सिल काढून बसले. "गुडघे कसे आहेत? वाचता येतं? वाटेत कुणाशी भांडण?" मी सगळं सांगितलं. मग त्यांनी काढलेल्या नकाशात एकाही रस्त्याचं नाव नव्हतं. बसायला दोन ओटे होते, पाण्याचा एक नळ होता, आणि मावशीचं जिच्याशी वाकडं होतं त्या बाईचं घर टाळून जाणारी गल्ली होती. मावशी दवाखान्यातून आली ती औषधाबद्दल काहीच बोलली नाही. "शहाणा माणूस आहे हो," एवढंच म्हणाली.

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. मुलुंडला आम्ही एकाच चाळीत राहायचो. अण्णा सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते, दिवसभर गटारांचे नि मोऱ्यांचे नकाशे काढायचे. ते नकाशे कुणासाठी, असं मी एकदा विचारलं.

"फायलीसाठी. तिला काय, कुठं जायचंच नसतं."

त्या वर्षी आमच्या वाचनालयानं पाच दिवसांचा आनंदमेळा भरवायचं ठरवलं. मी चिटणीस. अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. आकाशपाळणा येणार होता, हसवणारे आरसे होते, जादूगाराचा तंबू होता, आणि लाकडी विहिरीच्या भिंतीवरून फटफटी चालवणारा 'मौत का कुआं' होता. दारावर लावायला एक नकाशा हवा, म्हणून मी अण्णांना सांगितलं. चूक माझीच.

आठवडाभर अण्णा रोज संध्याकाळी मैदान मोजत होते. एकदा लांब ढांगा टाकत, एकदा म्हाताऱ्यासारखं पाय ओढत, आणि एकदा चक्क गुडघ्यांवर चालत. गवळ्यानं विचारलं, "अण्णा, काय हरवलं?"

"हरवूक नाय रे. खालसून काय दिसतां ता बघतंय."

सभेत त्यांनी चार कागद पसरले. पुरुषांच्या नकाशात सगळे रस्ते सरळ होते. "ते विचारत नाहीत कुणाला," अण्णा म्हणाले. वृद्धांच्या नकाशात सावली आणि बाकं होती, मधलं अंतर पावलांत. बायकांच्या नकाशात पाणी, आडोसा आणि जिथं धक्काबुक्की होणार नाही अशा वाटा. मुलांच्या नकाशात अक्षरच नव्हतं. अर्धा कागद आकाशपाळण्यानं खाल्लेला, उरलेल्यात चित्रं.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "मैदानं किती आहेत, परुळेकर?"

"एक."

"मग नकाशे चार कशाला?"

"चालणारे चार तऱ्हेचे आहेत म्हणून."

"आणि ह्या मुलांच्या नकाशात आपलं कार्यालय कुठं आहे?"

"नाही दाखवलं. मुलांना ते दिसत नाही."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला, पण दुसरा नकाशा काढणारा कुणी नव्हता. मुलांचा नकाशा जमिनीपासून दोन हात उंचीवर लागला. उद्घाटनाच्या दिवशी तो पाहायला वकीलसाहेब धोतर सावरत उकिडवे बसले, आणि उठताना दोघांनी हात दिला.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या बायकोनं अण्णांना गाठलं. "भावोजी, आमच्या नकाशात मौत का कुआं नाही."

"तुम्हाला कशाला तो? भयंकर आवाज असतो."

"आम्हाला बघायचा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. "विचारायला हवं होतं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या नकाशात विहीर काढली, चांगली ठसठशीत.

चुकलेल्यांसाठी एक मांडव होता. मोठ्यांच्या नकाशांत तिथं 'चौकशी' लिहिलेलं, मुलांच्या नकाशात हिरवा पोपट, आणि मांडवावरही तोच पोपट टांगलेला. मुलं चुकली की थेट पोपटाखाली येऊन शेंगा खात बसायची. पाच दिवसांत एकही मूल हरवलं नाही. आईबाप मात्र रोज पाच-सहा हरवायचे.

चौथ्या दिवशी वृद्धांचा नकाशा फाटला, म्हणून दुपारी मी अण्णांच्या घरी गेलो. अण्णा कचेरीत होते. दार वहिनींनी उघडलं. त्या घरात नवराबायको दोघंच. वहिनी मला भेटायच्या त्या नेहमी उंबऱ्याच्या आत. तीन वर्षांपूर्वी बाजारातल्या गर्दीत त्यांचा जीव घाबरा झाला होता. तेव्हापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या.

दारामागे एक छोटा नकाशा टाचलेला दिसला. तो मैदानाच्या दारापासून नाही, त्यांच्याच उंबऱ्यापासून सुरू होत होता.

"हा माझा," वहिनी म्हणाल्या.

वाटेवर सात ठिकाणी घराचं चित्र होतं. प्रत्येकाखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'इथून परत फिरता येतं,' आणि घरापर्यंतची पावलं.

"जाणार?" मी विचारलं.

"बघू. रोज वाचते."

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला, मेळा उघडण्यापूर्वी, मी मैदानाच्या दाराशी उभा होतो. लांबून वहिनी येताना दिसल्या. अण्णांनी कचेरीतून चार दिवसांची रजा काढली होती; ते बरोबर नव्हते, दोन पावलं मागे होते. पिठाच्या गिरणीपाशी वहिनी थांबल्या. भिंतीला हात लावून जरा वेळ उभ्या राहिल्या. अण्णाही दोन पावलं मागेच थांबले. मग दोघंही परत फिरली.

संध्याकाळी अण्णा पाळण्याजवळ भेटले. "गिरणीपर्यंत आली," म्हणाले.

"वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"छे रे. परत फिरायची जागा बरोबर पडली होती."

मेळा उठला. तिसऱ्या दिवशी दुपारी उरलेले बांबू मोजून घ्यायला मी मैदानावर गेलो. बाकं गेली होती, पाळणाही गेला होता. बांबूंच्या ढिगावर अण्णा आणि वहिनी बसले होते. अण्णा हात लांब करून सांगत होते, इथं आरसे होते, तिथं जादूगार. कागद कुठं दिसला नाही.

"आणि तो मोठा खड्डा?" वहिनींनी विचारलं.

"तो पाळण्याचा."

"केवढा होता?"

अण्णांनी मान वर करून आभाळाकडे बोट नेलं, आणि वहिनीही वर बघत राहिल्या. बांबू मी दुसऱ्या दिवशी मोजले.