टिटवीबाईंना मिळालेली बक्षिसाची पिसे

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव सांगणाऱ्याची बदली होते.

या शाळेत टिटवीबाई ‘ओरडणे’ हा विषय शिकवायच्या. हसू नका. बिबट्या दिसला की घसा फोडून ओरडायचे आणि पळायचे, हे हरणाच्या पाडसांना आणि सशाच्या पिल्लांना कोणीतरी शिकवावेच लागते. या विषयात नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसता येत नाही.

जुने मुख्याध्यापक होते कासवगुरुजी. त्यांना भाषण करता यायचे नाही. शाळा सुटली की ते कुंपणाच्या कडेने हळूहळू बाईंच्या वर्गापाशी यायचे आणि म्हणायचे, “बाई, आज पोरं छान ओरडली. तळ्यापर्यंत ऐकू आलं.” एवढेच. पण तेवढ्यावर बाई दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वर्गात हजर असायच्या.

गुरुजी निवृत्त झाले आणि मोरसर आले.

पहिल्याच सभेत ते म्हणाले, “शिक्षकांमध्ये प्रेरणा नाही. ती मी देणार.” मग रोज पहिल्या तासाला ते पिसारा फुलवून नाचू लागले. शिक्षकांनी समोर बसून प्रेरित व्हायचे. मुलांनी टाळ्या वाजवायच्या. अस्वलसरांना एकदा डुलकी लागली, तर त्यांना अख्खा नाच पुन्हा एकट्याने बघावा लागला.

“आणि बाई,” मोरसर म्हणाले, “तुमच्या वर्गातून फार आवाज येतो.”

“सर, विषयच ओरडण्याचा आहे.”

“असू दे. पण शांततेत ओरडा.”

बाईंनी शांततेत ओरडायला शिकवले. पाडसे नुसती तोंडे उघडून मिटू लागली. सर खूश झाले. त्यांनी बाईंना गुणवंत शिक्षिका ठरवले आणि आपले एक पीस त्यांच्या शेपटीला डिंकाने चिकटवून दिले. खोटे कशाला सांगू, बाईंना बरे वाटले. तळ्यात वाकून वाकून त्यांनी ते पाहिले. मग दुसरे पीस मिळाले, मग तिसरे. टिटवी केवढीशी, पीस केवढे. बाईंना उडता येईना. वर्गात जायचाही कंटाळा येऊ लागला. शाळा सुटल्यावर त्या कुंपणाकडे बघत बसायच्या. तिथून आता कोणी यायचे नाही.

पुढे स्नेहसंमेलन आले. प्रमुख पाहुणे हत्ती येणार होते, ते आले नाहीत. मोरसर मंचावर नाचत होते. पिसारा एवढा फुलला होता की त्यांना मागचे काही दिसत नव्हते. आणि मागूनच बिबट्या आला. दबकत मंचावर चढला आणि पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबला.

मंचावर येईल त्याला टाळ्या, असे मुलांना शिकवले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका पाडसाने मात्र बिबट्या ओळखला. त्याने तोंड उघडले, शांततेत. मग ते बाईंकडे बघू लागले.

बाईंनी चोचीने बक्षिसाची पिसे उपटली. त्यात त्यांची स्वतःचीही थोडी गेली. मग त्या वर उडाल्या आणि जीव खाऊन ओरडल्या. पाडसे ओरडली, ससे ओरडले, अस्वलसर जागे होऊन ओरडले आणि बघता बघता मैदान रिकामे झाले.

मोरसरांना वाटले, वन्स मोअर आहे. त्यांनी गिरकी घेतली. बिबट्याच्या पंजात सबंध पिसारा राहिला. सर तेवढे वाचले.

दुसऱ्या दिवशी बोडक्या शेपटीने सरांनी सभा घेतली. कार्यक्रमात गोंधळ घातल्याबद्दल बाईंना ताकीद मिळाली. “परंतु,” सर म्हणाले, “सगळे शिक्षक एकदम एवढ्या उत्साहाने हललेले मी काल प्रथमच पाहिले.” म्हणून बिबट्याची प्रेरणा सल्लागार या पदावर नेमणूक झाली.

बाई वर्गात येऊन बसल्या. राजीनामा द्यावा असे त्यांच्या मनात आले. इतक्यात कुंपणापाशी पाचोळा वाजला. कासवगुरुजी होते. स्नेहसंमेलनाला निघाले होते, ते आता पोचले.

“उशीर झाला,” गुरुजी म्हणाले. “पण बाई, काल पोरं छान ओरडली. तळ्यापर्यंत ऐकू आलं.”

डोळे पुसून बाई पाडसांना म्हणाल्या, “चला, तोंडं उघडा. आवाजासकट.”

तात्पर्य: शिक्षकाला कामाला लावायला आपुलकीचे एक वाक्य पुरते. परंतु त्याला खर्च येत नाही, त्यामुळे ते कोणत्याही योजनेत बसत नाही. सबब, सुज्ञ मुख्याध्यापकाने बिबट्याच नेमावा.